जुन्या वस्तऱ्याची ढिली पिन कशी घट्ट करायची? वीस हलके ठोके आणि एक मोठी चूक

आज फोन, ॲप, बॅटरी असलं काही नाही. आजचं यंत्र खूप जुन्या डिझाइनचं आहे. त्यात चार्जिंग नाही, अपडेट नाही, आणि हलणारा सांधा फक्त एक. तो सांधा ढिला झाला तर काय करायचं, हे आज समजून घेऊ.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी साडेतीनशे रुपयांना एक वस्तरा घेतला. मिटणारा, सलूनमध्ये पूर्वी असायचा तसा. पातं छान होतं, पण मुठीत लुळं पडत होतं. घरी आलो, मोठी हातोडी घेतली, पिनवर दोन दणके दिले. तिसऱ्याला टक् असा आवाज आला आणि मूठ पिनपासून टोकापर्यंत चिरली. वस्तरा संपला.

हे आठवायचं कारण म्हणजे यंदा मामाने माझ्या हातात आजोबांचा वस्तरा ठेवला. आजोबा तरुणपणी लालबागला एका सलूनमध्ये कामाला होते, तेव्हाचा. काळी शिंगाची मूठ आणि पात्याच्या मानेवर 'शेफिल्ड, इंग्लंड' असा शिक्का. पिन ढिली. मामाचं स्वतःचं सलून आहे, पण तिथे आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी ब्लेड लागते, त्यामुळे हा वस्तरा ड्रॉवरमध्ये पडून होता. मामा म्हणाला, "आप्पांचा हा एकच राहिलाय. जमणार असेल तरच हात लाव."

या वेळी मी आधी वाचलं, सराव केला आणि मगच हातोडी उचलली. काय शिकलो ते सगळं खाली आहे.

वस्तऱ्याचा सांधा काम कसा करतो?

वस्तऱ्याचे मुख्य भाग मोजकेच असतात. एक पोलादी पातं, मुठीच्या दोन पातळ पट्ट्या, मुठीच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही पट्ट्यांमध्ये बसवलेली छोटी पाचर, आणि पिना. आपल्याला महत्त्वाची आहे ती पात्याजवळची पिन. तिच्याभोवती पातं फिरतं.

ही पिन म्हणजे स्क्रू नव्हे, रिव्हेट आहे. साधारण १.६ मिमी जाडीची पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची बारीक सळई पट्टी, पातं, पट्टी अशी आरपार जाते. दोन्ही बाजूंना छोटे वॉशर बसवतात आणि सळईची टोकं ठोकून फुलवतात. टोक भूछत्रासारखं पसरतं आणि वॉशर निसटत नाही. घरातली सांडशी किंवा अडकित्ता पाहा, सांधा तोच. कढईचे कानही असेच ठोकून बसवलेले असतात.

आता मुख्य मुद्दा. मला आधी वाटायचं, पात्याच्या भोकात पिन घट्ट बसते म्हणून पातं घट्ट राहतं. तसं नाही. पात्याचं भोक पिनपेक्षा किंचित मोठंच असतं, नाहीतर ते फिरणारच नाही. पातं घट्ट राहतं ते दाबामुळे. पिनची दोन्ही डोकी पट्ट्यांना आत ओढून धरतात, पट्ट्या पात्याच्या मानेला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि त्या घर्षणाने पातं जिथल्या तिथे थांबतं.

म्हणजे दुरुस्ती करायची ती भोकाची नाही, चिमटीची. दोन डोक्यांमधलं अंतर केसभर कमी केलं की काम झालं.

ढिली पिन इतकी गंभीर का?

वस्तऱ्याला धार एका बाजूला असते आणि ती मिटल्यावर दोन पट्ट्यांच्या मधोमध लपते. पातं डगमगत असेल तर मिटताना धार पट्टीवर आपटते. धार इतकी पातळ असते की तेवढ्यानेही तिला दाते पडतात. मग सहाणेवर तासनतास घासत बसा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दाढी करताना पातं कोणत्या कोनात आहे हे तुमच्या बोटांना कळलं पाहिजे. बोटं एकीकडे आणि पातं दुसरीकडे गेलं तर गालावर काय होईल ते सांगायला नको.

पिन ढिली का होते?

इथे सॉफ्टवेअरवाली सवय कामी येते. बग दिसला की लगेच कोड बदलायचा नसतो, आधी कारण शोधायचं. वस्तऱ्याच्या बाबतीत नेहमीची कारणं अशी:

१. पिनचं डोकं किंवा वॉशर झिजलं, दबलं. वर्षानुवर्षं उघडमीट केल्यावर चिमटी सैल पडते. हे सगळ्यात सोपं कारण.

२. मूठ आक्रसली. शिंग आणि लाकूड हे नैसर्गिक पदार्थ आहेत. ते हवेतला ओलावा घेतात आणि सोडतात. वाळून पट्टी थोडी जरी पातळ झाली तरी पिन सैल वाटते.

३. पट्टीचं भोक मोठं झालं. गोल भोक झिजून लांबट होतं. इथे पिन कितीही ठोका, पातं हलणारच.

४. पट्टी वाकली किंवा चिरली. इथे ठोकणं म्हणजे उरलीसुरली मूठ घालवणं.

५. सांध्यात तेल आहे. हसू नका! कोणीतरी सढळ हाताने तेल सोडलेलं असतं, घर्षण कमी होतं आणि पातं सैल वाटतं. जुन्या टूथब्रशने आणि सुक्या कापडाने सांधा साफ करा. एवढ्यानेही फरक पडू शकतो.

ठोकून फक्त पहिलं आणि दुसरं कारण सुटतं. माझ्या पहिल्या वस्तऱ्याच्या भोकाजवळ बहुतेक आधीच बारीक चीर असणार. मी बघितलंच नव्हतं.

आधी तपासा: फोन हेच तुमचं भिंग

सगळ्यात आधी धारेवर जाड कागदाची घडी घालून तिच्यावर मास्किंग टेप गुंडाळा. हे न करता पुढे जाऊ नका. मग या चार टेस्ट करा.

टेस्ट १: वजनाची. वस्तरा अर्धा उघडा, मूठ आडवी धरा आणि हळूहळू फिरवा. पातं स्वतःच्या वजनाने पडलं तर सांधा ढिला आहे. चांगल्या सांध्यात ते अलगद फिरतं, पण सोडाल तिथे थांबतं.

टेस्ट २: डावी-उजवी. मूठ धरून पातं बाजूला हलवा आणि त्याच वेळी पिनच्या डोक्याचा व्हिडिओ घ्या, जमल्यास स्लो मोशनमध्ये. डोकं स्थिर असून पातंच हलत असेल तर चिमटी सैल आहे. पिनसुद्धा पट्टीच्या भोकात सरकत असेल तर भोक मोठं झालंय.

टेस्ट ३: मध्यभागाची. वस्तरा मिटताना वरून बघा. पातं दोन पट्ट्यांच्या मधोमध जातं का? एका बाजूला घासत असेल तर पट्टी वाकलेली असू शकते.

टेस्ट ४: चिरेची. मॅक्रो मोड लावा आणि बाजूने दुसऱ्या फोनचा टॉर्च तिरका पाडा. समोरून उजेड पाडला तर चीर दिसत नाही, तिरक्या उजेडात तिची सावली पडते. दोन्ही बाजूंचे फोटो काढून जपून ठेवा. का, ते पुढे कळेल.

हे अजिबात करू नका

- फेविक्विकचा थेंब. सांध्यात गेला तर पातं जागच्या जागी चिकटतं आणि सोडवताना मूठ खराब होते.
- पकडीने दाबणं. पक्कड घसरली की मुठीवर ओरखडा, जोर जास्त झाला की चीर.
- उष्णता. अनेक जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात. हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण. ते झटकन पेट घेतं, त्यामुळे लायटर, सोल्डरिंग गन, हीट गन काही नको. ओळखायचं कसं? बोटाने जोरात घासल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइडची शक्यता मोठी.
- मोठी हातोडी. यावर मी आधीच साडेतीनशे रुपये खर्च केलेत.

काय काय लागेल?

- साधारण १०० ग्रॅम वजनाची छोटी हातोडी, जिचं एक तोंड गोलसर आहे. सोनार वापरतात तशी चालेल.
- ऐरण म्हणून पोलादाचा सपाट, गुळगुळीत, जड ठोकळा. लाकडावर ठेवून ठोकू नका, लाकूड ठोका गिळून टाकतं.
- मास्किंग टेप आणि जाड कागद.
- जुनं प्लास्टिक कार्ड. त्याला पंचिंग मशिनने भोक पाडा. हे भोक पिनच्या डोक्यावर आलं की ठोका चुकला तरी मार कार्डावर बसतो, मुठीवर नाही.
- डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल.

सराव आधी, वस्तरा नंतर

आइस्क्रीमच्या दोन काड्या घ्या, मध्ये पत्र्याची पट्टी ठेवा, आरपार भोक पाडा आणि पितळेची तार घालून दोन्ही टोकं ठोकून फुलवा. पहिल्या दोन-तीन काड्या फुटतील, फुटू द्या. माझ्या चार फुटल्या. पाचव्या वेळी पत्रा सोडला तिथे थांबला, तेव्हा हाताला अंदाज आला.

स्टेप बाय स्टेप: पिन घट्ट कशी करायची

१. सांधा साफ आणि कोरडा करा. धारेवरचा टेप पुन्हा तपासा.

२. वस्तरा आडवा धरून पिनचं खालचं डोकं ऐरणीवर टेकवा. वजन डोक्यावर आलं पाहिजे, मुठीवर नाही. दुसऱ्या टोकाखाली कागदाची घडी ठेवून मूठ सपाट राहील असं बघा.

३. कार्डाचं भोक वरच्या डोक्यावर ठेवा.

४. हातोडी दांड्याच्या टोकाला न धरता डोक्याजवळ धरा. एक-दोन सेंटिमीटरवरून नुसती पडू द्या. मनगटाचा जोर नको.

५. ठोके पिनच्या मधोमध नाही, तर कडेकडेने, गोल फिरत द्या. पाच-सहा झाले की थांबा.

६. वस्तरा उलटा करा आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढेच ठोके द्या. एकाच बाजूने ठोकत राहिलं तर एक डोकं चपटं होतं आणि दुसरं तसंच राहतं.

७. टेस्ट १ आणि २ पुन्हा करा. नवा फोटो काढून आधीच्या फोटोशी ताडून बघा.

८. अजून ढिलं असेल तर पुन्हा, पण या वेळी आधीपेक्षा कमी ठोके. 'जवळजवळ झालं' असं वाटलं की तिथेच थांबा.

हलकेच ठोके का?

सगळ्या दुरुस्तीचं मर्म इथे आहे.

पितळ मऊ धातू आहे. एका मर्यादेपर्यंत दाबलं तर ते स्प्रिंगसारखं परत येतं. मर्यादा ओलांडली की आकार कायमचा बदलतो. हलक्या ठोक्याने ही मर्यादा फक्त पिनच्या पृष्ठभागावर ओलांडली जाते. तेवढाच थर बाहेर पसरतो, डोकं रुंदावतं आणि वॉशर खाली दाबला जातो. आपल्याला हेच हवंय.

जोरदार दणका मात्र पिनच्या आतपर्यंत पोचतो. मग डोकं पसरण्याऐवजी पिनचा मधला भागच जाड होतो किंवा वाकतो. ती जाडी पट्टीच्या भोकात पाचरीसारखी बसते आणि पट्टीला आतून फाडते. माझ्या जुन्या बाजारातल्या वस्तऱ्याचं हेच झालं. मी मुठीवर एकदाही मारलं नव्हतं, तरी ती फुटली.

आणखी एक. पितळ जितकं ठोकाल तितकं कडक होत जातं आणि कडक झालेलं पितळ पसरण्याऐवजी कडेला तडकतं. म्हणून उगाच शंभर ठोके देत बसण्यातही अर्थ नाही.

आणि यात 'अनडू' नाही. स्क्रू जास्त आवळला तर उलटा फिरवता येतो. पसरलेलं पितळ परत आत जात नाही.

भोकच मोठं झालं असेल तर?

मग काम मोठं आहे. एका बाजूचं डोकं कानशीने घासून काढायचं, पिन हळूच बाहेर सारायची आणि झिजलेल्या भोकात पितळेच्या बारीक नळीचा तुकडा बुश म्हणून चिकटवायचा. मग नवी पिन. तिचं टोक वॉशरच्या वर पिनच्या जाडीच्या निम्म्याइतकंच, म्हणजे पाऊण मिमीच्या आसपास ठेवायचं. जास्त ठेवलं तर ठोकताना वाकतं, कमी ठेवलं तर डोकं बनत नाही.

चांगले कारागीर कायमची पिन ठोकण्याआधी बारीक स्क्रू-नटने तात्पुरती जोडणी करून बघतात. पातं मधोमध येतंय का हे तपासायचं आणि मगच पिन. आमच्या भाषेत, आधी टेस्ट सर्व्हर, मग लाइव्ह. जुन्या मुठीत पाचर शिशाची असू शकते, त्यामुळे ती हाताळल्यावर हात साबणाने धुवा. पहिल्याच प्रयत्नात या वाटेला जाऊ नका, असा माझा सल्ला आहे.

आजोबांच्या वस्तऱ्याचं काय झालं?

तपासणीत तेल निघालं, ते पुसलं. तरी पातं पडत होतं. पिन पट्टीत सरकत नव्हती, म्हणजे कारण चिमटीचं होतं. बरं वाटलं.

पहिल्या फेरीत दोन्ही बाजूंनी सहा-सहा ठोके. फरक जाणवला, पण पातं अजून हळूच खाली येत होतं. दुसऱ्या फेरीत चार-चार. एकूण वीस झाले. पातं थांबायला लागलं. मला वाटलं, अजून तीन दिले तर एकदम मस्त होईल.

हातोडी उचलली, पण आधी फोटो काढला. पिनच्या बाजूला एक बारीक पांढुरकी रेघ! पोटात गोळा आला. चीर? लगेच पहिला फोटो उघडला आणि झूम केलं. रेघ त्यातही होती, तेवढीच आणि तिथेच. शिंगाचे स्वतःचे धागे असतात, बहुतेक त्यातलाच तो एक असावा. पण 'बहुतेक'वर मी आजोबांची मूठ पणाला लावणार नव्हतो. हातोडी खाली ठेवली. तो आधीचा फोटो नसता तर मी घाबरून काय केलं असतं, देव जाणे.

मामाकडे घेऊन गेलो. त्याने अंगठ्याने एका हाताने वस्तरा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मी म्हणालो, "मामा, अजून थोडा घट्ट करता आला असता." तो म्हणाला, "करू नकोस. एका हाताने उघडला पाहिजे आणि वाऱ्याने मिटला नाही पाहिजे. आप्पा असाच ठेवायचे."

म्हणजे मी जिथे घाबरून थांबलो, तीच बरोबर जागा होती!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पिन जास्त घट्ट झाली तर?
थोडीच जास्त असेल तर सांध्यात तेलाचा एक बारीक थेंब सोडा आणि चाळीस-पन्नास वेळा हळू उघडमीट करा. तरीही पातं अडत असेल तर पिन काढून नवी घालणं एवढाच मार्ग उरतो.

माझा वस्तरा किती जुना आहे हे कसं कळेल?
शिक्का बघा. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव छापणं सक्तीचं झालं. त्यामुळे शेफिल्डच्या वस्तऱ्यावर 'इंग्लंड' असेल तर तो बहुधा त्यानंतरचा. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

दुरुस्त झालेला वस्तरा लगेच वापरू का?
आधी नीट धार लावून, चामड्याच्या पट्ट्यावर चालवून घ्या. आणि तो एकट्यानेच वापरा. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, म्हणून वस्तरा मित्राला द्यायची वस्तू नाही.

सांडशीवर हीच पद्धत चालेल का?
चालेल. तिथे मूठ फुटायची भीती नाही, त्यामुळे सरावालाही छान. फक्त आईला विचारून घ्या.

थोडक्यात

आधी साफ करा, मग ढिलेपणाचं कारण शोधा, फोटो काढा, दोन्ही बाजूंनी कडेकडेने हलके ठोके द्या आणि वाटतं त्याच्या जरा आधीच थांबा. तुमच्या घरात पेटीच्या तळाशी असा वस्तरा किंवा अडकित्ता पडला असेल तर आज एवढंच करा: धारेवर कागद-टेप गुंडाळा आणि मॅक्रो मोडमध्ये पिनचे दोन फोटो काढून ठेवा. हातोडीचं नंतर बघू.